पस्तीस अधिक भिंतीपलीकडे एक

आमच्या विश्रांतवाडीच्या होमगार्ड पलटणीत कागदावर छत्तीस माणसं आहेत. गेल्या जूनपर्यंत मैदानावर अकरा दिसायची, आणि त्यातला एक शाळेचा शिपाई असायचा, फाटक उघडायला आलेला.

होमगार्ड म्हणजे आठवडाभर आपापलं पोटापाण्याचं बघायचं, रविवारी सकाळी सात ते नऊ कवायत करायची आणि गणपतीत, निवडणुकीत बंदोबस्ताला उभं राहायचं. मी, शालन, या पलटणीची नायक. एरवी शाळेची व्हॅन चालवते. घरात मी 'अगं ऐकलंस का' असते, व्हॅनमध्ये 'काकू'. रविवारचे दोनच तास असे, की मी 'सावधान' म्हटलं की माणसं खरोखर सावध होतात.

म्हणून समादेशकांचं, म्हणजे आमच्या वरच्या साहेबांचं, पत्र आलं ते मी तीनदा वाचलं. तीन महिन्यांत हजेरी तीसवर गेली नाही, तर आमची पलटण वाघोलीच्या पलटणीत विलीन होणार. म्हणजे माझ्या दंडावरची नायकाची फीत जाणार, आणि दर रविवारी वाघोलीच्या गर्दीत स्कूटर घालायची ती दुसऱ्याचं 'सावधान' ऐकायला. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं: गैरहजर व्यक्तींकडून कारण लेखी घ्यावे.

सतरा वर्षं मुलांच्या पोटदुख्या ऐकतेय मी. कारणांचं मला काही नवं नाही. निदान लाजेने तरी येतील, म्हणून आलेले कागद मी मैदानावर मोठ्याने वाचायचं ठरवलं.

बहुतेक सगळे 'घरगुती अडचण' निघाले. मग पार्लरवाल्या दीक्षाचा कागद आला. 'सासूबाईंनी माझी खाकी पँट जुन्या कपड्यांत भांडीवालीला दिली. बदल्यात इडलीपात्र आलं. इडलीपात्र घालून कवायतीला येता येत नाही, तरी क्षमा असावी.'

दहाच्या दहा जण हसून वाकले. शिपाई तर फाटकाला धरून उभा राहिला.

पुढच्या रविवारी एकोणीस आले. कवायतीला नव्हे, कागद ऐकायला. त्या दिवशी आयटीतल्या अक्षताचा होता: 'अलार्म वेळेवर वाजला. मी त्याला विश्राम अशी आज्ञा दिली. ती आम्ही दोघांनीही पाळली.' त्यानंतर सव्वीस. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पस्तीस. आलेल्यांना आपोआपच कवायत करावी लागायची, कारण कागद मी शेवटी वाचायची. एवढी अक्कल मला होती.

पण पस्तीस आले त्या दिवशी वाचायला एकच कागद. त्यावर एकच शब्द: ताप.

पलटण न हसता घरी गेली. सोसायटीचे वॉचमन महिपतीकाका तेवढे मागे थांबले. "मॅडम, असं कसं चालायचं? आपली गैरहजेरी पार ढासळली हाय."

"काका, हजेरी वाढवायचीय ना आपल्याला?"

"ती वाढली. पण माणसं येतील कशाला आता?"

शेवटी आम्ही दर रविवारी एका नावाची चिठ्ठी काढायला लागलो. ज्याचं नाव निघेल त्याने पुढच्या रविवारी गैरहजर राहायचं आणि एक पानभर कारण पाठवायचं. 'घरगुती अडचण' बाद.

तिसरी चिठ्ठी समाधानची निघाली. हा अकोल्याकडचा मुलगा भोसरीत कारखान्यात कामाला आहे. तीन वर्षांत 'हजर' सोडून दुसरा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. चिठ्ठी ऐकून तो असा उभा राहिला, जशी आमच्या व्हॅनमधली मुलं शाळा सुटूनही आई न्यायला आली नाही की राहतात.

आणि नेमक्या त्याच्या गैरहजेरीच्या रविवारी, न कळवता, समादेशक आले.

डॉ. अनिरुद्ध मेहेंदळे. सदाशिव पेठेत दातांचा दवाखाना, आणि आमच्यावर मानसेवी अधिकारी. माणसाच्या डोळ्यांत न बघता दातांत बघून बोलतात. त्यांनी रांगेवरून दोन फेऱ्या मारून डोकी मोजली.

"पस्तीस. जूनमध्ये अकरा होते. बाई, आळंदी रोडवर माणसं भाड्याने मिळायला लागली का?"

"नाही सर. आपलीच आहेत."

"मग एकदम कशी सुधारली? दात एकदम सुधारले की मी कवळी आहे का ते बघतो."

रांगेत कुणीतरी खोकलं. खरं सांगावं, तर मी सरकारी कागद करमणुकीला वाचत होते आणि धडधाकट माणसांना घरी बसवत होते. फीत जायला यातलं एकही पुरेसं होतं.

"आणि छत्तिसावा?"

"गैरहजर, सर. लेखी कारण आहे."

"वाचा."

कागद मीही अजून उघडला नव्हता. उघडला आणि वाचू लागले.

'मॅडम, मी गैरहजर आहे कारण मला तशी आज्ञा आहे.'

मी कागदाची घडी घालायला लागले. डॉक्टर म्हणाले, "थांबलात का? रंगतंय."

'कारण शोधण्यात आठवडा गेला. सोमवारी सासऱ्यांना आजारी पाडलं, पण माझं लग्न व्हायचंय. मंगळवारी गाडी पंक्चर केली, पण मी चालत येतो. बुधवारी ताप आणून बघितला, तर आई अकोल्याहून निघायला लागली. शेवटी खरं लिहितो. मला काही कारण नाही. खोलीवर रविवारी माझं नाव घेऊन कुणी हाक मारत नाही, ती इथे मारतात. म्हणून मी शाळेच्या भिंतीपलीकडे बदामाच्या झाडाखाली उभा आहे. गणवेशात आहे. तुम्ही आत म्हणाल सावधान...'

इथे पस्तीस जोडी बूट एकदम आपटले. सवय लागलेली माणसं, काय करणार. डॉक्टरांच्याही टाचा जुळल्या. आणि क्षणभराने भिंतीपलीकडून एकट्या बुटाचा आवाज आला. ठप्.

डॉक्टर भिंतीशी गेले, टाचा उंचावून त्यांनी पलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पलीकडून सलाम आला असावा, कारण त्यांचा हात कपाळाकडे गेला.

"हे गैरहजर आहेत?"

"होय, सर."

"यांच्याइतकं हजर माझ्या दवाखान्यात कुणी नसतं. मीसुद्धा." त्यांनी वही मागवून शेरा लिहिला: 'उपस्थिती पस्तीस अधिक भिंतीपलीकडे एक. विलीनीकरणाची गरज नाही. आज्ञेने गैरहजर ठेवणे त्वरित बंद करावे.'

फीत राहिली. समाधान फाटकातून आत आला, जागेवर उभा राहिला आणि म्हणाला, "हजर."

चिठ्ठ्या बंद झाल्या, आणि माझी झोप पुन्हा उडाली. आता लोकांना आणायचं कशाने? दोन रविवार मी कवायतीचे नियम वाचून दाखवले. पलटण सौजन्याने उभी राहिली, पण सौजन्य किती दिवस पुरणार.

तिसऱ्या रविवारी डॉक्टर पुन्हा येणार होते. ते आले नाहीत. त्यांचा कंपाउंडर पाकीट देऊन गेला. आत दीड पान, स्वहस्ताक्षरात. सुरुवात अशी होती: 'माझ्या गैरहजेरीस एका आजोबांची कवळी व एक चिक्की जबाबदार आहे.'

छत्तीस जणांनी ऐकलं. वाचून झाल्यावर मी महिपतीकाकांकडे पाहिलं.

"बरा हाय," काका म्हणाले. "शेवट घाईत केलाय. पण साहेब नवीन हायेत, सुधारतील."