दोन सिंह, एक जबडा

एका चर्चमध्ये दोन सिंह बसवायचे आणि त्यातला देवाचा कुठला नि सैतानाचा कुठला हेच विसरून जायचं, हा पराक्रम काचवाल्यानं केला. वर सोमवारी सकाळी, जणू काही घडलंच नाही अशा थाटात, तो आपली शिडी न्यायला आला.

"आलात? बरं झालं," फादर म्हणाले. "आता सांगा बघू, उजव्या खिडकीत कोण आहे?"

काचवाल्यानं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि शिडीला हात घातला.

घोळ असा होता की शास्त्रात, म्हणजे बायबलात, सिंहाला दोन नोकऱ्या आहेत. यहूदा वंशाचा सिंह म्हणून ख्रिस्ताचा मान त्याला, आणि आता कुणाला गिळू म्हणत गर्जत हिंडणारा सैतान, तोही सिंहच. मंडळींना दोन्ही हवे होते, रंगीत काचेत, समोरासमोर. काचवाल्यानं दोन्ही केले. मागच्या बाजूला खडूनं एकावर 'आपला' आणि एकावर 'त्याचा' असं लिहून ठेवलं, आणि बसवण्याआधी दोन्ही काचा ओल्या फडक्यानं लख्ख पुसल्या. कामात माणूस चोख, त्याला कोण काय बोलणार?

पहिल्याच रविवारी उजव्या बाकांवरची मंडळी उठून डावीकडे गेली. मग डावीकडचा सिंह जिभल्या चाटतोय असं कुणीतरी म्हणालं, तशी सगळीच्या सगळी मधल्या वाटेत दाटीवाटीनं उभी राहिली. एका आजोबांनी तर दोन्ही सिंहांपुढे मान लववली. या वयात कुणाशीच वाकडं नको, असं त्यांचं म्हणणं.

काचवाल्याला या सगळ्याची फारशी फिकीर नव्हती. त्याची धास्ती वेगळीच होती. त्यानं धड सिंह कधी पाहिलाच नव्हता. प्राणिसंग्रहालयात गेला, तर सिंह पाठ फिरवून झोपलेला. मग आयाळ त्यानं मनाची घातली आणि जबडा घेतला बायकोचा.

त्याच्या कारखान्याला काचेचं दार होतं. आत काच घासायचं मशीन दिवसभर किंचाळायचं, म्हणून तो कानांवर जाड झाकणं चढवून बसायचा. बायको दाराशी येऊन बोलायची. हा तिचं तोंड उघडताना बघायचा, मिटताना बघायचा, मान डोलवायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. एवढ्या वर्षांचा संसार असा मुक्यानं छान चालला होता, निदान त्याच्या बाजूनं तरी. "एक दिवस मी बहिणीकडे निघून जाईन," ती एकदा मशीन बंद असताना म्हणाली होती, "आणि तुम्हाला ते जेवायच्या वेळेला कळेल." तेवढं मात्र त्यानं ऐकलं होतं. आपलं तोंड सिंहाला लावलंय हे तिला कळलं तर ती खरंच जाईल, या भीतीनं त्याची झोप उडाली होती.

सोमवारी तो फादरांपुढे शिडी धरून उभा होता, तेवढ्यात चर्चच्या मंडळाचे अध्यक्ष आले. पेशानं ते दातांचे डॉक्टर. त्यांनी कोट काढला, खिशातला छोटा आरसा घेतला आणि सरळ शिडीवर चढले. उजव्या सिंहाचा जबडा पाहिला, उतरले, शिडी सरकवली, डाव्याचा पाहिला.

"फादर," ते वरूनच ओरडले, "हे एकच तोंड आहे! आणि ते माझं पेशंट आहे!"

काचवाल्यानं शिडीचा पाय घट्ट धरला.

"उजव्याला खालची डावी दाढ आहे, डाव्याला नाही. कशी असेल? मीच काढली ती. अहो काचवाले, मिसेसना बोलवून घ्या."

बायको आली. कणकेचे हात पुसत पुसतच आली. तिनं एक सिंह पाहिला, दुसरा पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. नवरा शिडीच्या पायऱ्या मोजत असल्यासारखा उभा होता.

"ताई, राग मानू नका," फादर घाम पुसत म्हणाले, "पण जरा आ करता का?"

तिनं आ केला. डॉक्टरांनी खाली उतरून खात्री करून घेतली. मग फादरांनी विचारलं, की चित्र काढलं तेव्हा ती काय करत होती?

"दाढ आहे तो ना?" ती म्हणाली. "त्या दिवशी दाढ ठणकत होती. मी दाराशी उभी राहून जीव तोडून ओरडत होते, अहो, दवाखान्यात चला. यांनी हात वर करून खूण केली, अशीच थांब म्हणून. मला वाटलं, मशीन बंद करून येताहेत."

"मग?"

"मग काय, एकटी गेले."

डॉक्टरांनी आरसा हळूच खिशात ठेवला. "आणि दाढ नसलेला?"

"ती जांभई. परत आल्यावर यांची वाट बघत बसले होते, तेव्हाची."

फादरांनी दोन्ही खिडक्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "वेदना सोसतोय तो आपला. जांभई देतोय तो त्याचा." निकाल लागला. आपल्या वाट्याचा सैतान नुसता जांभया देतो याची मंडळींना जरा लाज वाटली, पण त्या दिवसापासून सगळे बाकांवर परतले. डावीकडचे लोक प्रवचनात डुलक्या घ्यायचे आणि खापर खिडकीवर फोडायचे.

बायको मात्र जायच्या आधी थांबली. "फादर, शास्त्रात काचेआडून दुसऱ्याचं दुखणं बघत चित्र काढणारा एखादा प्राणी आहे का हो?"

फादरांनी खूप आठवून पाहिलं. "नाही, ताई."

"मग यांना कुठल्या खिडकीत बसवायचं?"

त्यानंतर तिनं बोलणंच टाकलं. बहिणीकडे गेली असती तर परवडलं असतं, निदान जाऊन पाया तरी पडता आलं असतं. ही घरातच होती, सगळं करत होती, आणि चकार शब्द काढत नव्हती. काचवाल्यानं कानांवरची झाकणं खिळ्याला टांगली, मशीन बंद ठेवलं आणि कान टवकारून बसला. त्याला नळाचं ठिबकणं ऐकू आलं, शेजाऱ्यांचं भांडण ऐकू आलं. हवं ते काही ऐकू येईना. भरल्या घरात तो एकटा पडला आणि त्याला रडू यायला लागलं.

त्यात मंडळींनी तिसरी खिडकी सांगितली. कोकरू. वधाला नेताना तोंड न उघडणारं. समोर बसशील का, असं त्यानं भीत भीत विचारलं. ती येऊन स्टुलावर बसली, ओठ घट्ट मिटून, अगदी शास्त्राला धरून.

त्यानं कागदावर कान काढले, डोळे काढले, लोकर काढली. "काहीतरी बोल ना," तो मधेमधे म्हणत होता. "शिव्या दे हवं तर." फक्त तोंड काढायचं राहिलं, आणि नेमकं तेव्हा तिनं तोंड उघडलं.

सवयीनं त्याचा हात वर गेला, अशीच थांब म्हणायला. तो त्यानं दुसऱ्या हातानं धरून खाली आणला. पेन्सिल ठेवून दिली.

"अहो," ती म्हणाली, "आता उजवीकडची ठणकतेय."

तो चपला न घालताच तिला घेऊन निघाला. पुढे ते कोकरू तोंडाशिवायच खिडकीत गेलं. शास्त्राला इतकं धरून केलेलं काम आपण पाहिलं नाही, असा मंडळानं एकमतानं ठराव केला.

दवाखान्यात ती खुर्चीत आ करून पडली होती. डॉक्टरांचा हात तिच्या तोंडात, आणि ती घशातून काहीतरी सांगत होती, एकही शब्द लागत नव्हता. काचवाला तिच्या तोंडाशी कान लावून वाकला होता.

"ताई, बोलू नका," डॉक्टर वैतागून म्हणाले.

"डॉक्टर, हात काढा जरा," काचवाला म्हणाला. "बोलू द्या तिला."