दादाकडची डबी

"मॉडेमचा खटका कोणत्या बाजूला आहे ते विचार गं," एवारिस्तो फोनवर म्हणाला.

पलीकडे थोरल्या भावाची सून मिर्ता होती. "काका, बाबा खुणेने सांगताहेत, फोन करणाऱ्याच्या बाजूला."

"माझाही तिकडेच आहे! दोन्ही मॉडेम फोन करायला बसले, तर घेणार कोण?"

मागून बायको नेलिदा हसली. "जन्मभर हेच चाललंय तुम्हा भावांचं. दोघंही बोलणारेच, ऐकणारा कोणी नाही."

एवारिस्तो साल्तो शहरात चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करत आला होता. थोरला भाऊ वॉशिंग्टन देशाच्या दुसऱ्या टोकाला, रोचा गावी. तरुणपणी दोघांनी एकसारखे घरगुती कॉम्प्युटर घेतले, ते अजून दोघांकडे होते. मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. तेव्हापासून मिर्ताचेच निरोप येत: बाबा बरे आहेत, बाबा जेवले. त्यात दादाचा स्वतःचा एक शब्द नसे आणि एवारिस्तोला ते सहन होत नव्हतं. दादा मोबाईलला हात लावायचा नाही. जुन्या कीबोर्डवर मात्र त्याची बोटं न बघता चालत.

पण त्या कॉम्प्युटरला मॉडेम जोडायची सोयच नव्हती. मग एवारिस्तोने मुरंब्याच्या दोन रिकाम्या डब्यांत एकेक चिप आणि चार तारा बसवून ती सोय केली. दोन जुने मॉडेम भंगारातून मिळवले. एक जोडी बसने रोचाला धाडली. आठ दिवस झाले, पडदा कोराच होता.

"दादाला म्हणावं, हात लावू नकोस. मीच बदलतो," तो म्हणाला. त्याने आपला खटका फिरवला, फोन ठेवला आणि माते, म्हणजे तिकडचा कडवट पाल्याचा चहा, प्यायचा भोपळ्याचा पेला हातात घेऊन बसला. नेलिदाने त्यात गरम पाणी ओतलं.

फोन वाजला. मॉडेममधून शिट्टी आली. पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं.

जमलं का रे गाढवा

"हा दादाच!" एवारिस्तोचे डोळे भरून आले. त्याने लिहिलं: कसा आहेस?

मग अक्षरं आली: मला भीती वाट

तिथेच थांबली आणि शेवटापासून एकेक पुसली गेली. त्या जागी आलं: बरा आहे. काळजी नको.

आपण लिहिलेलं तिकडे लगेच दिसतं, खोडलं तरी दिसून गेलेलं असतं, हे वॉशिंग्टनच्या ध्यानात आलं नसावं. एवारिस्तोने पेला खाली ठेवला आणि खोडलेल्या ओळीला उत्तर लिहिलं.

मलाही वाटते, दादा.