गुंडी चुकून दुसऱ्याला गेली

लॉन्ड्रीवाल्याच्या घरी दुसरी मुलगी जन्मली आणि तीन आठवड्यांत घराची पार रया गेली. गिऱ्हाइकाचा साधा रुमालही नंबराची चिठ्ठी टाचल्याशिवाय आत न घेणारा हा माणूस, झोपेचं खोबरं झाल्यामुळे बाळाच्या दुपट्यांना पँटसारखी कडक घडी पाडू लागला होता. दुकान खाली, घर वर. जिना चढताना त्याला आपण कामावर चाललोय की घरी, हेच समजेना.

पण खरा घोळ वेगळाच होता. सहा वर्षांची थोरली हाकेला ओ देईनाशी झाली होती. "मोठे, पाणी आण," म्हटलं की ती शांतपणे भिंतीकडे बघायची. आई म्हणाली, कानात मळ असेल. डॉक्टरांनी दोन्ही कान तपासून सांगितलं की हिला शेजारच्या खोलीत उघडलेलं चॉकलेटही ऐकू येत असेल. तेव्हा लॉन्ड्रीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे पोरगी आपल्यावरच रुसली होती, आणि का, ते विचारलं की तोंडाला कुलूप!

शनिवारी सकाळी दुकानात रांग लागली होती. बँडमास्तरांनी आपला सोनेरी गुंड्यांचा लाल कोट घेतला, अंगात चढवला आणि आरशात वळून वळून बघू लागले. त्यांच्यामागे, काखेत दुपट्याची गुंडाळी घेऊन, थोरली उभी होती.

"अगं, आत ये ना. रांगेत कशाला?"

ती जागची हलली नाही. पुढे येऊन तिने टाचा उंचावल्या आणि हनुवटी काउंटरवर टेकवली.

"तक्रार आहे. माझी वस्तू दुसऱ्याला गेली."

लॉन्ड्रीवाल्याने हसू दाबलं. "पावती?"

तिने दुपटं उलगडलं. कोपऱ्यात थोरलीच्या बारशाला लाल दोऱ्याने भरलेलं नाव होतं, 'गुंडी'.

"अगं, हे तर बाळाच्या अंगावर होतं! बाळ कुठंय?"

"वरच ठेवलंय. ते माझं नाहीये."

लॉन्ड्रीवाल्याचं हसू कुठल्या कुठे पळालं. हे नाव त्यानेच ठेवलं होतं, कारण थोरली जन्मली तेव्हा कोटाच्या गुंडीसारखी गोल होती. मग दुसरी आली, तीही गोल. थकलेल्या आईबापांच्या तोंडी बसलेलं नाव आपसूक पाळण्यात गेलं आणि गुंडीची झाली मोठी. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मिळतं हो परत," बँडमास्तर मध्ये पडले. "गेल्या वर्षी माझा हा कोट त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेला होता की नाही?"

"बाबा पळत गेले होते," ती म्हणाली. "डॉक्टर घालून बसले होते, तरी काढून आणला."

चुकून दुसऱ्याला गेलेला कपडा त्याच दिवशी परत, हा दुकानाचा नियम होता. लॉन्ड्रीवाल्याने उरलेल्या गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं, पावतीपुस्तक उचललं आणि लेकीमागे जिना चढला. साक्षीदार हवा म्हणून बँडमास्तरही निघाले.

वर आई बाळाला खांद्यावर थोपटत होती. "बघ गुंडे, कोण आलं!"

तिघंही तिच्याकडे बघत राहिले. लॉन्ड्रीवाल्याने सगळं सांगितलं, तसे आईचे डोळे भरून आले. "चुकलंच गं माझं. पण मग हिला काय म्हणायचं?"

थोरलीने बाळाचं कपाळ बघितलं, मान बघितली, मुठी उघडून तळवे बघितले. अगदी बाबा कपडे तपासतात तसं.

"सुरकुती," तिने निकाल दिला. "हिला कुणी इस्त्रीच केलेली नाही."

सुरकुती शिंकली आणि तिने बँडमास्तरांच्या बाहीवर भसकन दूध काढलं. बँडमास्तरांनी कोट उतरवून लॉन्ड्रीवाल्याच्या हातात परत दिला.

लॉन्ड्रीवाल्याने पावती फाडली. 'नाव, एक नग. मालकिणीला परत. किंचित वापरलेलं.' ती लेकीच्या हातात देताना त्याला धाकधूक वाटत होती. नियम पाळला खरा, पण पोरगी ओ देईल का?

"गुंडे?"

"ओ!" खाली रांगेतल्या माणसांनीही वर बघितलं असेल, इतक्या जोरात.

मग तिने पावती फ्रॉकच्या खिशात घातली, दुपटं बाळाच्या अंगावर नीट पसरलं आणि नावाचा कोपरा तेवढा आत खोचला.

"वापर तू," ती म्हणाली. "पण धुऊन परत दे."