डाव्या पायाला सुटी

सांडूच्या पत्राला श्रीधररावांनी चौदा महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र फुलंब्रीहून आलं होतं, वहीच्या पानावर. फोन असूनही त्यानं पत्रच लिहिलं; साहेबांपुढं तोंडानं मागायची लाज वाटली असावी. शिवाय फोनवर बोलायचं म्हटलं की साहेबांना घाम फुटतो, हे त्याला ठाऊक होतं.

चिकलठाणा विमानतळावर विमानं मागं ढकलून देणाऱ्या एका छोट्या कंपनीचं ऑफिस श्रीधरराव सांभाळत. सांडूनं तिथं एकोणीस वर्षं डिझेलचा टग चालवला होता. टग म्हणजे विमान ढकलणारा बुटका ट्रॅक्टर. विमान इंच इंच सरकवायचं तर डावा पाय अर्ध्या क्लचवर धरून ठेवावा लागे. त्यात गुडघा गेला आणि सांडू घरी बसला. त्यानं लिहिलं होतं, 'औंदा पाऊस नाय, रानात काम नाय. बॅटरीचे टग निघालेत म्हणं, त्याला क्लच नसतो. तसला घेतला तर मला बोलवा.'

श्रीधररावांनी उत्तराचे सहा खर्डे केले आणि सहाही फाडले. टग घेणं त्यांच्या हातात नव्हतं आणि मालकाला काही सुचवावं एवढी आपली अक्कल आहे, असं त्यांना कधी वाटलंच नाही.

पण शहर वाढत होतं. पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा येई, विमानं मात्र दिवसाला दोनाची सहा झाली. जुना टग एकदा बंद केला की पुन्हा सुरू व्हायला नखरे करी, म्हणून ड्रायव्हर दोन विमानांच्या मधे तो बंदच करत नसत. श्रीधरराव महिनाभर घड्याळ घेऊन बघत बसले. निम्म्याहून जास्त डिझेल उभ्या उभ्या जळत होतं. तसं एका कागदावर लिहून त्यांनी तो मालक विश्वजीतच्या टेबलावर ठेवला, तो जागेवर नसताना.

दोन महिन्यांनी बॅटरीचा टग गोदामात आला.

यावर नवा ड्रायव्हर बघतो, असं विश्वजीत म्हणाला. श्रीधररावांनी घसा साफ केला.

"सांडूला बोलवलं तर?"

"काका, त्याचा गुडघा गेलाय."

"डावा. याला डाव्या पायाचं काम नाही."

"स्वतः पाहिलंय, की पुस्तकात वाचलंय?"

खोटं बोलणं त्यांना जमेना. "पुस्तकात."

"मग पाहून सांगा. उद्या दुसऱ्याला शब्द द्यायचाय मला."

श्रीधररावांनी जन्मात लुनापलीकडं काही चालवलं नव्हतं. त्या दिवशी नेमका टँकर आला होता. जुन्या टगवरच्या ड्रायव्हर कडुबानं टँकरचा ट्रॅक्टर सोडवून तो भरलेला टँकर नव्या टगला जोडला. श्रीधरराव वर चढले आणि डावा पाय उचलून त्यांनी सीटवर दुमडून ठेवला.

"साहेब, सत्यनारायणाला बसल्यावानी बसलात," कडुबा म्हणाला. "भटजी बोलवू का?"

श्रीधररावांनी उजवा पाय दाबला. आवाज नाही, म्हणजे टग बंदच आहे असं ते समजले. पाहतात तर गोदामाचं दार मागं पडलं होतं. मग उजव्या पायानं दाबत, सोडत, इंच इंच करत त्यांनी टँकर हौदाच्या कडेला आणून उभा केला. डावा पाय मांडीखाली तसाच. त्याला मुंग्या आल्या होत्या, एवढंच.

दारात उभा विश्वजीत हसला. "बोलवा त्याला."

सातव्या पत्राला खर्डा लागला नाही. 'क्लच नाही. मी स्वतः चालवून पाहिला. सोमवारी या. उत्तराला फार उशीर झाला, राग धरू नका.' मुंग्या जायची वाटही न बघता श्रीधरराव लंगडत पोस्टापर्यंत गेले आणि पत्र पेटीत टाकून आले.