मोकळ्या हवेची वाट

मित्रांनो, खाणीच्या भिंतीवर खिळ्याला लटकलेला काळवंडलेला डबा दिसतो ना, तो मी. पोटात रेडिओ, डोक्यावर दोन शेंड्या. माझी भावंडं बोगद्यात ओळीने टांगलेली आहेत. तळाचा निरोप एकाने दुसऱ्याला सांगायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. असा तो वर कचेरीत पोचतो.

निरोप ज्या हवेतून जातात ती मात्र आम्हा सगळ्यांत एकच. दोघे एकदम बोलले की दोघांचंही बोलणं मातीमोल. म्हणून आम्हाला बसवणाऱ्या तंत्रज्ञ ताईंनी शिस्त लावली होती: आधी ऐका, हवा मोकळी असेल तरच बोला. ती आम्ही इमानेइतबारे पाळली. कामगार जाता-येता मला थाप मारत, "काय रे, जागा आहेस ना?" मला फार बरं वाटे.

तळाशी पंपावर एक दादा असत. दम्याने बेजार, पण घरी बसतील तर शपथ! खाणीचा मुकादम त्यांचा धाकटा भाऊ. दादा नजरेसमोर राहावेत म्हणून त्याने पंपाशी कॅमेरा लावला; तोही आमच्याच हवेतून बोले. चित्र जरा अडखळलं की त्याच्या जिवाचं पाणी होई.

"या कॅमेऱ्याला थांबायला लावू नका," तो ताईंना म्हणाला.

"अहो, हा थांबलाच नाही तर बाकीच्यांनी बोलायचं कधी?"

"माझा दादा आहे तिथे. बाकीच्यांना कसली एवढी घाई?"

ताईंनी नाइलाजाने ऐकलं. चित्र नितळ झालं आणि आमची बोलती बंद झाली. कधीमधी एखादी फट सापडे, तेवढीच.

एका दुपारी पंपाजवळच्या वायुमापकाने मला निरोप दिला: विषारी वायू! धोक्याचा भोंगा वर कचेरीत होता. मी बोलायला गेलो, तर हवा भरलेली. थांबलो. पुन्हा ऐकलं. कॅमेरा अखंड बोलत होता, दादांचंच चित्र वर नेत होता. मी शिस्तीने थांबलो.

शेवटी दादा हलेनात हे चित्रात पाहून वायुरोधी मुखवटे घातलेली माणसं धावत उतरली. कुणीतरी कॅमेऱ्याची विजेची तार उपटली. हवा मोकळी झाली आणि मी निरोप पाठवला. दादांना माझ्यासमोरून उचलून नेत होते, तेव्हा वर भोंगा वाजू लागला.

"मी बघत होतो हो त्याला," मुकादम ताईंना सांगत होता. "भिंतीला टेकून बसला. म्हटलं, दम लागला असेल, घेऊ दे विसावा."

आता मला कुणी थाप मारत नाही.

मित्रांनो, मायेपोटीसुद्धा दुसऱ्याची पाळी हिसकावू नका. मागे थांबलेला निरोप तुमच्याच माणसाचा असू शकतो.