चवीच्या वहीतल्या सह्या

चवीची वही शाळेत नाही, हे जोतीरामला कळलं ते फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटता सुटता. हेडसरांनी लोखंडी कपाट दोनदा उपसलं, टेबलाखालचं खोकं बघितलं, आणि बुधवारी तर इथंच होती म्हणाले.

वही म्हणजे फार मोठं काही नव्हतं. पोरांना दुपारचं जेवण वाढायच्या आधी एका शिक्षकाने ते चाखायचं, वहीत दोन शब्दांचा शेरा लिहायचा आणि खाली स्वयंपाक करणारीने सही करायची, एवढंच. जोतीरामच्या बायकोने, विजयमालाने, त्या शाळेत अकरा वर्षं खिचडी शिजवली. भाद्रपदात काविळीने ती गेली. घरात तिचे फोटो होते, साड्या होत्या, पण तिच्या हातचं एक अक्षर नव्हतं. जे होतं ते त्या वहीत होतं. पन्नाशीला आलेली बाई शाळेतल्या पोरांकडून सही शिकली, हे जोतीराम तीन वर्षं सगळ्यांना सांगत आला होता. आता त्याला ती सही एकदा डोळ्यांनी बघायची होती. तो बुधवारी जाऊन बोलला तेव्हा हेडसरांना आनंदच झाला. मंगळवारी दहावीचा निरोप समारंभ आहे, तेव्हा मावशींच्या सह्या मोठ्या पडद्यावर दाखवू, पोरांना कळू दे शिकायला वय नसतं, असं त्यांनी ठरवलं आणि दहावीच्या वर्गात जाऊन सांगूनही टाकलं. जोतीरामला म्हणाले, तुम्ही शनिवारी या, निवांत बघा.

आणि शनिवारी वही गायब.

जोतीरामचा पहिला संशय गेला धोंडाबाईवर. विजयमालाच्या जागी आता ती शिजवत होती. जुन्या वहीत पानोपानी ‘चव उत्तम’ असं लिहिलेलं असणार, ते तिला कसं बघवेल? तो सरळ स्वयंपाकाच्या खोलीत गेला. धोंडाबाई पातेलं घासत होती. तिने हात न थांबवता त्याचं ऐकून घेतलं.

“मी काय त्या वहीची आमटी करू व्हय, जोतीराम भावजी?” ती म्हणाली. “मला वाचता येत न्हाय, नि तुमच्या बायकुची चव काय कागदाला लागून राहिल्याली न्हाय. त्या दहावीच्या पोरांना इचारा. गुरुवारी तिघं आली हुती मंगळवारच्या जेवणाची ताटं मोजायला. ताटं हितं, नि एक पोरगी हेडसरांच्या खोलीच्या दाराशी. ताटं तितं असत्यात का?”

तिघं म्हणजे कोण, हे तिने न विचारता सांगितलं. संस्कृती, श्रेया आणि रणजित.

मग जोतीरामला झोप लागेना. संस्कृती वर्गातली पहिली, श्रेया तिची सावली आणि रणजित वरकुट्याच्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पोरगा. तिघांनाही विजयमालाने सातवी-आठवीत वाढलेलं. असल्या पोरांना म्हाताऱ्या बाईच्या सह्या कशाला हव्यात? हसायला? हल्ली पोरं कशाचाही फोटो काढतात, कुठंही टाकतात, खाली हसणारी तोंडं लावतात. रविवारी तो मेथीच्या जुड्या घेऊन इंदापूरला निघाला, तेव्हा मुद्दाम पंक्चरच्या दुकानापाशी गाडी थांबवली. रणजित चाकात हवा भरत होता. जोतीरामला बघून तो आत गेला आणि बाहेर आलाच नाही. हवा अर्धीच राहिली, गिऱ्हाईक ओरडत बसलं.

सोमवारी संस्कृती स्वतः घरी आली. आबा, उद्या निरोप समारंभाला तुमी यायचंच, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय, म्हणाली. बोलताना तिची नजर भिंतीवरच्या विजयमालाच्या फोटोवर गेली आणि तिथून खाली आली. जोतीरामने ती नजर ध्यानात ठेवली. वहीचं काय झालं असेल गं, असं त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. सापडंल की आबा, म्हणत ती चप्पल घालून निघालीसुद्धा. तिला पाणी विचारायचं राहून गेलं, हे त्याला नंतर आठवलं.

मंगळवारी तो गेला. पहिल्या रांगेत बसला नाही. मागे भिंतीला टेकून बसला, म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसतील. नववीच्या पोरांनी फुगे लावले होते. दहावीने शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, त्यावर वर्गाचं वर्ष आणि ‘सप्रेम भेट’ असं रंगवून घेतलं होतं. वही न सापडल्याने पडदा काही लावला नव्हता. मग एकेक जण उठून शाळेच्या आठवणी सांगू लागला. कुणी सहलीत बसमधून पडलेला डबा सांगितला, कुणी गणिताच्या सरांची छडी. दोघी-तिघी रडल्या. हेडसरही चष्मा पुसत होते. जोतीराम मात्र प्रत्येक वाक्य तपासत होता. फौजदारासमोर जबाब चाललेत आणि आपण एकटेच ते लिहून घेतोय, असं त्याला वाटत होतं.

रणजित उठला. मावशी पातेल्याच्या तळाची खरवड माझ्यासाठी राखून ठेवायच्या, म्हणाला. पुढं त्याला बोलता येईना. चोराला असंच होतं, जोतीराम मनात म्हणाला. मग श्रेया आली. तिने मावशी भांडी घासताना आमच्याकडून पाढे म्हणून घ्यायच्या असं सांगितलं, आणि बोलण्याच्या भरात म्हणाली, “आणि वहीवर तर आमी पाळीनं...”

शेजारी उभ्या संस्कृतीने तिची ओढणी खेचली. श्रेया गप्प झाली आणि सगळ्यांचे आभार मानून खाली बसली. टाळ्या झाल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, जोतीरामशिवाय.

जेवणं चालू झाली तसं त्याने तिघांना सायकलच्या शेडमागे गाठलं. रणजितच्या पाठीवर दप्तर होतं. निरोपाच्या दिवशी दप्तर कशाला, एवढंच त्याने विचारलं. रणजितने संस्कृतीकडे बघितलं, मग खांद्यावरून दप्तर उतरवलं आणि वही काढून दिली. जाड, निळ्या पुठ्ठ्याची, कडेला तेलाचे डाग.

जोतीरामने उघडली. पानोपानी तिचं नाव. विजयमाला जोतीराम.

“चोरली कशाला?” तो म्हणाला.

“समारंभ झाला की परत ठिवणार हुतो. सरांनी वळखलं असतं, आबा,” संस्कृती म्हणाली. “चार वर्षं आमच्या वह्या तपासत्यात. पडद्यावर एवढं मोठं अक्षर आलं असतं, तर लगीच कळलं असतं कुणाचं हाय ते.”

“कुणाचं म्हंजे?”

शेवटी श्रेयाच रडत रडत बोलली. मावशी एक दिवस तांदूळ निवडताना रडत होत्या. आदल्या दिवशी त्यांनी सोसायटीत कर्जाच्या कागदावर अंगठा उठवला, तेव्हा जोतीराम चार लोकांत त्यांना अंगठाबहाद्दर म्हणाला होता. संस्कृतीने त्यांना अक्षरं शिकवायला घेतली, पण बोटं वळेनात. मग ‘आज सही केली’ एवढं तरी मावशींना घरी सांगता यावं, म्हणून एक दिवस संस्कृतीनेच ती करून दिली.

“नि तुमी गावात पेढे वाटले,” संस्कृती म्हणाली. “मग मावशीला मागं फिरता येईना. आमी पाळी लावली. आमच्या ह्यांना सांगू नगा, म्हणायच्या.”

जोतीरामला पेढे आठवले. एक किलो, इंदापूरहून आणलेले. त्याला हेही आठवलं, की मतदानाला तिने अंगठाच लावला होता आणि बाहेर येऊन म्हणाली होती, गर्दी लई हुती. घरी एकदा सही करून दाखव म्हटलं, तर शाळेत रोज करते की, घरी कशाला, असं म्हणून उठून गेली होती. तेव्हा त्याला ते लाजणं वाटलं होतं. ही पोरं खोटं बोलतायत असं त्याला अजूनही वाटून घ्यायचं होतं. म्हणून त्याने वही त्यांच्यापुढं धरली आणि दाखवा म्हणाला.

त्यांनी दाखवलं. ही माझी, ही श्रेयाची, ह्या महिन्यात सगळ्या रणजितच्या, बघा ओळ कशी खाली जातीय. बोट ठेवून ठेवून तिघांनी सगळी वही वाटून घेतली. आठवीच्या दिवाळीआधीची सतरा पानं तेवढी राहिली. तिथलं अक्षर मोठं, वाकडं, पेन दाबून काढलेलं. ते आमच्यातल्या कुणाचं न्हाय, असं तिघंही म्हणाले.

“तवा संदेशची पाळी हुती,” रणजित म्हणाला. “पण त्याचं अक्षर चांगलं हुतं. एवढं वाकडं न्हवतं.”

संदेश त्यांच्याच वर्गातला. बापाला बारामती एमआयडीसीत काम लागलं, म्हणून ते घर त्याच दिवाळीला उठून तिकडं गेलं. तो मावशीपाशी रोज तासभर बसायचा, असं श्रेया म्हणाली. मावशीला काही शिकवत होता का, ते तिला माहीत नव्हतं. त्याने पाळी चुकवली नि दुसऱ्याच कुणाकडून कशातरी सह्या करून घेतल्या, असंही असेल, असं रणजितला वाटत होतं. त्याने खिशातून मोबाईल काढला.

“नंबर हाय, आबा. लावू का? आत्ता सांगंल.”

“नको,” जोतीराम म्हणाला.

हेडसरांना त्याने वही सापडली असं सांगितलं, कुठं ते सांगितलं नाही. चार दिवस घरी राहू द्या म्हणाला. त्यांनीही पुढं विचारलं नाही.

दहावीचे पेपर झाले, पोरं सुट्टीला पांगली. जोतीराम रोज दिवस कलताना ओट्यावर बसून ती सतरा पानं बघतो. कधी त्याला त्या वाकड्या अक्षरांत विजयमालाचा हात दिसतो, भाकरी थापताना जसा जोर लावायची तसा. कधी कंटाळलेल्या कुठल्यातरी पोराचा. मेथी घेऊन तो दोनदा बारामतीला जाऊन आला. दुसऱ्या खेपेला एमआयडीसीच्या रस्त्यावर पाळी सुटलेल्या कामगारांच्या मोटारसायकली बघत अर्धा तास उभाही राहिला.

संदेशला विचारायचं अजून राहिलंय.