माझ्या पोटातलं तेल आणि भटूभाऊंची विहीर

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे आणि मला ढगांची भीती वाटते. हसू नका. पारोळ्याच्या पुढे, धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर एक पेट्रोल पंप आहे. त्याच्या मागच्या कोपऱ्यात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली सिमेंटची टाकी म्हणजे मी. पेट्रोल साठवते ती मी नव्हे. तिचा थाट वेगळा. पंपावर पडलेलं पावसाचं पाणी सांडलेलं डिझेल, ऑइल, चिखल सगळं घेऊन माझ्याकडे येतं. चिखल माझ्या तळाशी बसतो, तेल वर तरंगतं आणि शेवटच्या कप्प्यातली एक वाकडी नळी खालचं नितळ पाणी तेवढं उचलून नाल्यात सोडते. सारी करामत त्या नळीची, पण नाव माझं झालं.

तोताराम आबा पंपाचे व्यवस्थापक होते तोवर माझी ऐट होती. पावसाळ्यात दर पंधरवड्याला ते माझं झाकण उघडत, वरचं तेल डब्यात काढत, गाळ उपसत. मग बाहेर पडणारं पाणी ओंजळीत घेऊन आधी हुंगत आणि मगच मान डोलवत. शेजारच्या शेतातले भटूभाऊ हे कुंपणावरून बघत. आबांच्या टाकीचं पाणी काचेसारखं असतं, असं ते गावभर सांगत. ते ऐकून मी फुगायचे.

आबा निवृत्त झाले. नवे व्यवस्थापक हितेंद्रभाऊ स्वभावाने वाईट नाहीत, पण त्यांची नजर कायम रस्त्यावरच्या गाड्यांकडे. सावद्याची केळी पोहोचवून परतणारे ट्रक इथे थांबत आणि तळाला अंथरलेला केळीचा सुका पाला झाडून टाकत. तो उडून माझ्यात येई. एकदा तो काढताना कुणीतरी ओढाताण केली आणि माझी वाकडी नळी मोडली. कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून वरचं तेल सरळ बाहेर जाऊ लागलं.

यंदा श्रावण कोरडा गेला. कपाशीने माना टाकल्या. वस्तीवरच्या सहा घरांची पिण्याची एकच विहीर, भटूभाऊंची, ती तळाला गेली. आमच्याकडे पाणी वाया जाताना कुणाला बघवत नाही. लोक पत्र्यावरचं पाणीसुद्धा विहिरीकडे वळवतात. भटूभाऊ हितेंद्रभाऊंना म्हणाले, "भाऊ, पाऊस पडना का तुमनं पाणी नालामा वाया जास. मनी हीरमा सोडू का?"

हितेंद्रभाऊंना ते पुण्याचं काम वाटलं. दोन दिवसांत भटूभाऊंनी चर खणून माझ्या तोंडापासून विहिरीपर्यंत पाइप टाकला. नारळ फोडला. झाकण मात्र कुणी उघडलं नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी पाचावर धारण बसली. पावसाअभावी बाहेर न गेलेलं वीतभर काळं तेल माझ्या पोटात, आणि समोर पिण्याच्या पाण्याची विहीर. त्याच आठवड्यात टँकर रिकामा करताना सांडलेलं डिझेलही धुऊन माझ्यात ढकललं होतं. ओरडावं तर आवाज नाही. सारा मुलूख पाऊस मागत होता आणि मी एकटी करंटी तो येऊ नये म्हणत होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी अंधारून आलं. पाणी धडाधड माझ्यात घुसलं. तेल वर आलं, पाइपच्या तोंडाशी पोहोचलं आणि तिथेच अडलं. केळीचा पाला आत बोळ्यासारखा बसला होता. ज्या पाल्याला वर्षानुवर्षं शिव्या दिल्या, त्यालाच मी आता विनवत होते, हलू नकोस रे बाबा. तुंबलेलं पाणी झाकणावरून पंपभर पसरलं.

विहिरीत पाणी का येत नाही म्हणून भटूभाऊ लांब सळई घेऊन धावत आले. झाकण सरकवून ते सळई पाइपात खुपसू लागले. एक टोचा. दुसरा टोचा. बोळा हलला.

मागोमाग त्यांची आई यशोदाबाई पोत्याची खोळ पांघरून आल्या. लुगड्याचा भिजलेला काठ त्यांनी उचलून नाकाशी नेला.

"भटू, सळई काढ," त्या म्हणाल्या. "हाई पाणी नही, तेल शे. बठ्ठी वस्ती आपली हीरनं पाणी पेस."

भटूभाऊंनी पाण्यात बोट बुडवून हुंगलं आणि सळई बाजूला टाकली.

"माय, आबासना टाइमले मी काचसारखं पाणी देखेल व्हतं," ते एवढंच म्हणाले.

मग भर पावसात त्यांनी स्वतः घातलेला पाइप विहिरीच्या कठड्यावरून ओढून काढला. दुसऱ्या दिवशी हितेंद्रभाऊंनी आबांना बोलावून घेतलं. मला नवी नळी मिळाली, तोंडावर पाल्यासाठी जाळी बसली. विहिरीकडे आता पंपाच्या छपराचं पाणी जातं, माझं नाही. त्याचं मला दुःख नाही, हायसंच वाटतं.

पण मित्रांनो, भीती काही गेली नाही. तुमच्याही गावात जमिनीखाली माझ्यासारखी कुणीतरी असेल. तिची जुनी कीर्ती ऐकून निश्चिंत राहू नका. झाकण उघडा, वाका आणि हुंगून बघा. त्या दुपारी यशोदाबाई आल्या तेव्हा भटूभाऊंनी सळई तिसऱ्यांदा उचलली होती.